घाट बंद, दुकान रिकामे आणि मोरीतला तो वास

पत्राचा सारांश : पत्रलेखिका रायगड जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात राहतात. घरात सासू-सासरे, पती आणि दीड वर्षाची मुलगी आहे. यंदा जुलैमध्ये दरड कोसळून घाटरस्ता नऊ दिवस बंद राहिला, गावातल्या एकुलत्या एका दुकानातला माल संपला आणि घरातला भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, फिनेल, शौचालयाचे द्रावण असे सगळे एकामागून एक संपत गेले. सासूबाईंनी चुलीतली राख आणि माळ्यावरचे रिठे काढले. लेखिकेने मोबाइलवर पाहिल्याप्रमाणे व्हिनेगर, खाण्याचा सोडा आणि लिंबू वापरायला सुरुवात केली. सातव्या दिवशी त्यांनी शौचालयात ग्रामपंचायतीकडून मिळालेली टीसीएल पावडर टाकली आणि पिवळा डाग हलत नाही म्हणून तिच्यावर व्हिनेगर ओतले. क्षणात उग्र वास आला, त्यांचे डोळे झोंबू लागले आणि दम्याचा त्रास असलेल्या सासऱ्यांना खोकल्याची उबळ आली. आता रस्ता सुरू झाला आहे, परंतु घरात मतभेद उरले आहेत. सासूबाई म्हणतात, ‘बाटल्या आणूच नका, राख काय वाईट आहे?’ पती म्हणतात, ‘वर्षभराचा साठा करून ठेवू.’ लेखिका विचारतात : घरगुती पर्यायांपैकी खरोखर उपयोगाचे कोणते? घरातल्याच वस्तू वापरूनही असा अपघात का झाला? ताजा कलम म्हणून त्यांनी लिहिले आहे की, लिंबाच्या फोडी ठेवल्यामुळे ओट्याच्या काळ्या कडाप्प्यावर पांढुरक्या चकत्या पडल्या आहेत, त्या कशा घालवाव्यात?

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा शौचालयातल्या त्या प्रसंगापाशी थांबले, म्हणून सुरुवात तिथूनच करते. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. विहिरीत आणि पाण्याच्या टाकीत ती टाकली जाते, त्यामुळे गावात तिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. व्हिनेगर तर तुम्ही मंचुरियनसाठी आणलेले होते. दोन्ही वस्तू ओळखीच्या आणि दोन्ही आपापल्या जागी निरुपद्रवी. परंतु ब्लीचिंग पावडरीवर कोणतेही आम्ल पडले, मग ते व्हिनेगर असो, लिंबू असो, चिंचेचा कोळ असो की बिंबल्याचा रस, की तिच्यातून क्लोरीन वायू सुटतो. तुमचे डोळे झोंबले ते त्यामुळेच. शहरातल्या वाचकांकडे टीसीएल नसेल, परंतु त्यांच्या न्हाणीघरात पांढरे कपडे उजळवण्याचे ब्लीच आणि शौचालयाचे द्रावण शेजारी-शेजारी उभे असते. त्या द्रावणात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असल्यामुळे त्यांच्या बाबतीत हाच प्रकार अधिक जोराने होईल. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो आणि खाली साचतो. म्हणजे उभ्या माणसापेक्षा जमिनीवर रांगणाऱ्या मुलाला त्याचा धोका अधिक. तुमची मुलगी त्या वेळी आजीच्या कडेवर होती असे तुम्ही सहज लिहून गेला आहात. मला ते वाक्य वाचून हायसे वाटले.

पुन्हा असे घडलेच तर त्यावर तिसरे काही ओतून ‘मारा’ करू नये. श्वास रोखून बाहेर पडावे, दार उघडे ठेवावे, सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत आत पाऊल टाकू नये. डोळे झोंबत असतील तर भरपूर साध्या पाण्याने धुवावेत. खोकला थांबत नसेल, छाती भरून येत असेल किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल तर ‘थोड्या वेळाने बरे वाटेल’ म्हणत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचा दवाखाना गाठावा. सासऱ्यांची तपासणी अजून झाली नसेल तर ती आधी करून घ्या, बाकीचे पत्र नंतर वाचा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. ‘घरातल्याच वस्तू होत्या, तरी असे का झाले?’ या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे : स्वयंपाकघरातून आले ते सौम्य आणि दुकानातून आले ते रसायन. तुमच्या सासूबाईंचा रिठाच पाहा. त्याच्या सालीत सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्ये असतात आणि ती माशांना इतकी मारक असतात की पूर्वी ओढ्यातले मासे गुंगवण्यासाठी रिठा पाण्यात टाकत असत. म्हणून रिठ्याने धुतलेल्या कपड्यांचे पाणी पऱ्यात न सोडता परसातल्या मातीत जिरवावे, आणि रिठ्याचा फेस मुलीच्या डोळ्यांत जाऊ देऊ नये, कारण तो शाम्पूपेक्षा कितीतरी अधिक झोंबतो. राखसुद्धा पाण्यात भिजली की क्षारच होते. रात्रभर भिजवलेल्या राखेचे निवळ बोटांवर चोळले तर बुळबुळीत लागते, ते त्यात साबण असतो म्हणून नव्हे; तो क्षार आपल्या कातडीवरच्या तेलाचाच साबण करू लागलेला असतो. मी हे राखेला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. जी वस्तू मळ काढते ती कशावर तरी हल्ला करतेच, एवढेच सांगायचे आहे. प्रश्न इतकाच की तो हल्ला मळावर होतो आहे की आणखी कशावर.

दुसरी समजूत तुमच्या पत्रातल्या यादीत दिसते. तुम्ही सात बाटल्या आणि पाकिटे संपल्याचे लिहिले आहे आणि सातांना सात पर्याय मागितले आहेत. बाटलीला पर्याय शोधू लागलो की गोंधळ होतो, कारण बाटलीवर जागेचे नाव असते : फरशीची, ओट्याची, काचेची, शौचालयाची. मळाला मात्र जागा ठाऊक नसते. कढईचा तेलकटपणा आणि चिमणीवरचा तेलकटपणा एकच. नळावरचा पांढरा थर आणि बादलीच्या तळाचा पांढरा थर एकच. तेव्हा समोर आहे ते तेल आहे, क्षाराचा थर आहे, रंगाचा डाग आहे की जंतूंची भीती आहे, हे आधी ठरवावे. एवढे ठरले की सातांपैकी तीन-चार बाटल्यांची उणीव आपोआप भासेनाशी होते.

त्याआधी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. साबण संपत आला आहे हे लक्षात येताच शेवटची वडी भांड्यांना किंवा कपड्यांना न वापरता हातांसाठी बाजूला काढावी. शौचानंतर, मुलीला धुतल्यानंतर, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी आणि जेवण्यापूर्वी लागणारा साबण ही त्या नऊ दिवसांतली खरी गरज. फरशीला फिनेल लागले नाही म्हणून कोणी आजारी पडत नाही. पावसाळ्यात जुलाब आणि कावीळ हातांवाटे आणि पाण्यावाटे घरात येतात. साबण अगदीच नसेल तर स्वच्छ, गार झालेल्या राखेने हात चोळून वाहत्या पाण्याखाली धुणे हे नुसत्या पाण्यापेक्षा बरे मानले जाते. मात्र तो नाइलाजाचा उपाय आहे, साबणाच्या बरोबरीचा नाही, आणि लहान मुलाच्या नाजूक कातडीवर किंवा चिरलेल्या हातांवर राख लावू नये.

भांड्यांच्या तेलाचा विचार करू, कारण रोजचे भांडण तिथेच असते. तेल दोन प्रकारे सुटते : क्षाराने किंवा फेसाने. राखेत पोटॅशचा क्षार असतो आणि शिवाय तिचा बारीक कण घासणीचे काम करतो, म्हणून लोखंडी तवा, बिडाची कढई, चुलीवरचे काळे पातेले यांना राख आणि नारळाचे सोडण यांच्यासारखी जोडी नाही. इथे सासूबाईंचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. परंतु अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला क्षार खातो आणि ते काळपट पडते. नॉनस्टिकचा थर राखेने ओरखडतो. चकचकीत स्टीलवर बारीक रेघा उमटतात. आणि कल्हई लावलेल्या भांड्याच्या आतल्या बाजूला राख काय, आंबटही घासू नये. राख कशाची आहे हे पाहणे आणखी महत्त्वाचे. पावसाळ्यात ओली लाकडे पेटत नाहीत म्हणून बंबाखाली प्लॅस्टिकच्या पिशव्या, रंगवलेल्या फळ्या, दुधाच्या पिशव्या घातल्या जातात; ती राख भांड्यांना चालणार नाही. नुसत्या लाकडांची किंवा गोवऱ्यांची राख घ्यावी, चाळणीने चाळावी म्हणजे खिळा आणि कोळशाचे टोकदार तुकडे निघून जातात.

स्टीलच्या भांड्यांना धुण्याचा सोडा अधिक सोयीचा. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा हे सख्खे भाऊ असले तरी त्यांचे स्वभाव निराळे. खाण्याचा सोडा अगदी सौम्य क्षार आहे आणि चिकट, जुन्या तेलापुढे त्याचे फारसे चालत नाही. धुण्याचा सोडा कितीतरी तीव्र असतो. चिमणीच्या जाळीवर साचलेले तेल गरम पाण्यात तोच सोडवतो. (जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर हाही उपाय नको.) गंमत अशी की घरात फक्त खाण्याचा सोडा उरला असेल तर त्यातून धुण्याचा सोडा करता येतो : लोखंडी कढईत तो मंद आचेवर अर्धा-पाऊण तास भाजायचा, अधूनमधून हलवायचा. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघून जाते आणि १०० ग्रॅम सोड्याचा सुमारे ६३ ग्रॅम धुण्याचा सोडा उरतो. पाण्यात घातल्यावर तो हाताला अधिक बुळबुळीत लागतो, त्यावरून ओळखावा, आणि तो वापरताना हातमोजे नसतील तर निदान हातांना नंतर खोबरेल लावावे. पातेले करपले असेल तर त्यात पाणी आणि चमचाभर सोडा घालून उकळी आणावी आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी खरवडण्याची गरज उरत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला मात्र सोडा न घालता नुसते पाणी उकळून भिजत ठेवावे.

इथे मोबाइलवरच्या त्या लोकप्रिय मिश्रणाबद्दल सांगायला हवे. सोड्यावर व्हिनेगर ओतले की जो फेस उसळतो तो पाहायला छान वाटतो, परंतु त्या उसळीत क्षार आणि आम्ल एकमेकांना संपवत असतात. मागे उरते ते जवळजवळ खारट पाणी आणि वर उडून जातो तो वायू. तुंबलेल्या नळीत त्या बुडबुड्यांचा थोडा धक्का बसत असेल, पण तेल काढायला त्यात क्षार उरत नाही आणि थर काढायला आम्लही उरत नाही. दोन्ही चांगल्या वस्तू आहेत, म्हणूनच त्या वेगवेगळ्या वापराव्यात : आधी सोड्याने तेल काढावे, धुऊन टाकावे, आणि मग गरज असेल तिथे आंबट लावावे.

आंबटाची खरी जागा दोन ठिकाणी असते. एक म्हणजे तांबे आणि पितळ. समई, निरांजने, पाण्याची कळशी यांच्यावरचा काळपटपणा आम्लात विरघळतो. तुमच्या परसात बिंबले असेल तर त्याच्यासारखे दुसरे काही नाही, कारण त्यात ऑक्झॅलिक आम्ल असते. नसेल तर चिंचेचा कोळ किंवा आमसुले भिजवून काढल्यावर उरलेला चोथा मिठाबरोबर चोळावा, दोन मिनिटांत उजळते. त्यानंतर भांडे लगेच खळखळून धुऊन कोरडे पुसावे, कारण आंबट तसेच राहिले तर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग दिसतो. दुसरी जागा म्हणजे पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर, नळाच्या तोंडाचा किंवा शॉवरच्या जाळीचा. तिथे व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवावे. प्रेशर कुकरच्या तळाशी पाण्यात लिंबाची पिळलेली फोड टाकण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. आतले अ‍ॅल्युमिनियम काळे पडू नये म्हणून ती असते आणि ती अगदी योग्य आहे.

कपड्यांच्या बाबतीत तुम्ही एका मोठ्या संपत्तीकडे दुर्लक्ष केले असे मला वाटते. कोकणात जुलैमध्ये पागोळ्यांखाली ठेवलेली घंगाळे तासाभरात भरतात, आणि ते पाणी मृदू असते, कारण जमिनीतले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार त्यात नसतात. देशावर बोअरच्या जड पाण्यात साबण घोळला की फेस येण्याऐवजी पांढरा साका बसतो, निम्मा साबण त्या क्षारांशी झगडण्यातच संपतो. पागोळ्यांच्या पाण्यात हा झगडा नसल्यामुळे अंघोळीची वडी किसून गरम पाण्यात विरघळवली तरी रोजचे कपडे नीट निघतात आणि नेहमीच्या निम्म्याने साबण पुरतो. पहिल्या पावसात छपरावरची घाण खाली येते, ते पाणी घेऊ नये. जुलैपर्यंत कौले धुऊन निघालेली असतात. विहिरीचे गढूळ पाणी वापरावे लागलेच तर बादलीत तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवावा आणि गाळ तळाशी बसू द्यावा, नाहीतर पांढरे कपडे पिवळटतात. बोअरचे पाणी वापरणाऱ्या देशावरच्या वाचकांनी मात्र किसलेल्या साबणापेक्षा धुण्याचा सोडा आधी पाण्यात घालावा. तो जडपणा खाली बसवतो आणि मग थोडा साबणही काम करतो.

रिठ्यासाठी प्रमाण विचारले आहे : बिया काढलेले ८ ते १० रिठे एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी पंधरा मिनिटे उकळावेत, गार झाल्यावर कुस्करून गाळावेत. रेशीम, लोकर, सुती साड्या आणि सोन्याचे दागिने यांना हे पाणी उत्तम. मळक्या कॉलरी आणि शेतातले चिखलाचे कपडे यांच्यासाठी मात्र ते कमी पडते आणि तिथे हात चोळून चोळून दुखतात. ते दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून एकदम मोठे पातेले करू नये. कपडे धुण्याच्या यंत्रात घालायचे असेल तर फडक्यातून दोनदा गाळून घ्यावे. राख किंवा किसलेला साबण यंत्रात कधीच घालू नये. भांड्यांचा द्रव साबणही यंत्रात नको, त्याचा फेस दारातून बाहेर येतो.

डागांविषयी तुम्ही एकच प्रश्न विचारला आहे, मुलीच्या झबल्यावरच्या वरणाच्या डागाचा, आणि तो साबण लावल्यावर लालभडक झाला म्हणून तुम्ही घाबरलात. घाबरण्यासारखे काही नाही. हळदीतले पिवळे द्रव्य क्षार लागला की लाल होते आणि धुऊन क्षार गेला की पुन्हा पिवळे होते. त्याला खरा उतारा उन्हाचा आहे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. आषाढात ऊन कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. ते झबले साधे धुऊन ठेवून द्यावे आणि श्रावणातल्या पहिल्या चांगल्या उन्हात वाळत घालावे. दोन उन्हांत डाग निघतो. रक्ताच्या डागाला मात्र कधीही गरम पाणी लावू नये, गार पाण्यात मीठ घालून भिजवावे.

फरशीसाठी मिठाचे पाणी वापरले असे तुम्ही लिहिता. मिठाने जंतू मरत नाहीत, आणि खडे मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे पावसाळ्यात फरशी चिकट राहते आणि लोखंडी कपाटाचे पाय गंजतात. फरशी नुसत्या गरम पाण्याने, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावी. धूळ आणि पायांचा चिखल काढायला तेवढे पुरते. कडुनिंबाच्या पानांचे पाणीही वासापुरते ठीक, त्यावर जंतुनाशक म्हणून विसंबू नये. हीच गोष्ट व्हिनेगर, लिंबू आणि सोड्याची : ती साफ करतात, परंतु निर्जंतुक करतात असे धरून चालू नये.

निर्जंतुक करण्याची गरज रोज नसते. घरात कोणाला जुलाब-उलट्या झाल्या, पुराचे पाणी आत आले, किंवा शौचालयाच्या आसपासची जागा असेल तेव्हा ती पडते, आणि तिथे तुमच्याकडे असलेली टीसीएलच सर्वांत भरवशाची आहे. महाड आणि चिपळूणच्या वाचकांनी २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर ती भिंतींना आणि मोऱ्यांना वापरलेली असेल. जागा आधी साबणाने किंवा सोड्याने धुऊन, खळखळून पाणी टाकून स्वच्छ करावी, कारण चिखल आणि शेण असलेल्या जागी क्लोरीन त्या घाणीवरच खर्च होतो. मग प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर पाण्यात पावडरीचा एक सपाट लहान चमचा, म्हणजे साधारण ३ ग्रॅम, घालून ढवळावे, अर्धा तास स्थिर ठेवावे आणि वरचे निवळ वापरावे. पावडर ताजी असेल तर त्यात सुमारे ०.१ टक्का क्लोरीन उतरतो. हे पाणी जागेवर दहा मिनिटे राहू द्यावे, मग धुऊन टाकावे. रोज नवे करावे, खिडकी उघडी ठेवावी आणि त्याच्या आसपास आंबट काहीही आणू नये. मुलीची दुधाची बाटली, चमचे, लंगोट आणि भांडी पुसायची फडकी यांना क्लोरीनची गरज नाही, त्यांना धुतल्यावर दहा मिनिटे खळखळ उकळलेले पाणी पुरते.

तुमच्या शौचालयातला तो पिवळा डाग पाण्याच्या क्षाराचा आहे, जंतूंचा नाही. म्हणून त्याच्यावर टीसीएल चालली नाही. त्याला आंबटच हवे होते. फक्त ते वेगळ्या दिवशी, आधीची पावडर दहा बादल्या पाण्याने धुऊन गेल्यावर, एकट्यानेच वापरायला हवे होते. भांड्यातले पाणी ब्रशने आत ढकलून कमी करावे, व्हिनेगर रात्रभर राहू द्यावे आणि सकाळी ब्रशने घासावे. खरे काम ब्रशच करतो.

आता घरातल्या दोन बाजूंविषयी. तुमचे पती वर्षभराचा साठा म्हणतात, तो अर्धा बरोबर आहे. साबणाच्या वड्या, धुण्याचा सोडा आणि वाळवलेले रिठे कोरड्या डब्यात वर्षभर टिकतात. एक किलो सोडा, डझनभर वड्या आणि अर्धा किलो रिठे मे महिन्याच्या अखेरीस आणून ठेवले तर पुढच्या पावसाळ्यात नऊच काय, वीस दिवसही निघतील. परंतु ब्लीच आणि टीसीएल वर्षभरासाठी साठवू नये, दमट हवेत त्यांचा जोर उतरत जातो आणि पावडरीचा फुगलेला डबा माळ्यावर ठेवणे धोक्याचेच. जे काही करून ठेवाल ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नका, मग तो रिठ्याचा काढा का असेना. दीड वर्षाच्या मुलीला बाटलीचा आकारच ओळखीचा असतो. तिने चुकून सोड्याचे पाणी किंवा रॉकेल प्यायले तर उलटी काढू नये. उरलेली बाटली बरोबर घेऊन थेट दवाखान्यात जावे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांकडून फळांच्या सालींच्या ‘बायोएन्झाइम’बद्दल नेहमी विचारणा होते, म्हणून ओघाने सांगते : एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि मुरायला तीन महिने. आज संपलेल्या फिनेलवर ऑक्टोबरात मिळणारा हा उपाय आहे. आवड म्हणून जरूर करावा, पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडावा, काचेची बरणी वापरू नये, आणि तयार झालेले द्रव आम्लधर्मी असते हे लक्षात ठेवून ब्लीचपासून दूर ठेवावे.

सासूबाईंना मात्र मी एक प्रश्न तुमच्या वतीने विचारू इच्छिते. राख वाईट नाही हे मान्य. ती राख चाळायची, सोडणाने घासायची आणि पाणी ओढून धुवायची, हे काम घरातले कोण करते? तुमच्या पत्रात नवव्या दिवशी बोटांची कातडी फुटल्याचा उल्लेख एका ओळीत आहे. बाटली न आणल्याने पैसे वाचतात, परंतु तिची मेहनत कोणाच्या तरी हातांवर येते, आणि सहसा ते हात एकाच व्यक्तीचे असतात. राख ठेवायची असेल तर तवा-कढई घासण्याची पाळी घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावी, साठ्याचा आग्रह धरणाऱ्या पतींनी सर्वांत आधी. हा मुद्दा तुम्हीच मांडलात तर तक्रार वाटेल, म्हणून पत्र सर्वांसमोर वाचायला हरकत नाही.

शेवटी ताजा कलम. कडाप्पा हा चुनखडीचा दगड आहे, शहाबादी आणि कोटा फरशीही तशीच, आणि संगमरवरही त्याच कुळातला. लिंबू, व्हिनेगर, चिंच, ताक, काहीही आंबट त्यावर दहा मिनिटे राहिले की वरची झिलई खाल्ली जाते. तुमच्या चकत्या म्हणजे साचलेला डाग नसून दगडच थोडा गेलेला आहे. त्यामुळे त्या घासून निघणार नाहीत, उलट वाढतील. ग्रॅनाइटच्या ओट्याला सहसा असे होत नाही. तुमच्या चकत्यांना खोबरेलाचे बोट फिरवले की त्या काळ्या होऊन दिसेनाशा होतात, पुढच्या पुसण्यापर्यंत. कायमचे घालवायचे तर पॉलिश करणाऱ्या कारागिरालाच बोलवावे लागते. माझ्या ओट्यावर लिंबाच्या सरबताच्या पेल्याची गोल खूण बरीच वर्षे आहे, आणि दर दिवाळीला मी तिच्यावर खोबरेल लावते.